तोंड हा बाळाचा पहिला हात

प्रश्न असा आलाय: मुलगी सात महिन्यांची. हाताला लागेल ते तोंडात. टीव्हीचा रिमोट, आजोबांच्या चष्म्याची दांडी, आईची ओढणी, एकदा तर दारातली चप्पल. सासूबाई म्हणतात दात येतायत, शेजारच्या काकू म्हणतात पोट भरत नसेल, आईच्या मते कॅल्शियम कमी पडतंय आणि नवऱ्याच्या मते जंत झालेत. दिवसभर तिच्या तोंडातून वस्तू काढून आई दमून गेली आहे. शिवाय मुलगी रात्री मूठ चोखते, ती सवय कायमची लागेल का, हीही काळजी आहे.

तालुक्याच्या गावात 26 वर्षं लहान मुलांचा दवाखाना चालवते आहे. ही चारही निदानं मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. चारही चुकीची, पण त्यातलं दातांचं सगळ्यात चिवट, म्हणून आधी तेवढं निकालात काढू. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास दिसतो, कित्येकांना आठव्या-दहाव्यालाही. वस्तू तोंडात घालणं सुरू होतं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. त्याच सुमारास लाळेच्या ग्रंथी जोरात काम करू लागतात आणि ती सगळी लाळ गिळण्याइतकी सफाई बाळाकडे अजून आलेली नसते. म्हणून लाळेरं ओलं होतं, आणि घरात सगळे म्हणतात, "बघा, दात!" दात येताना हिरड्या शिवशिवतात आणि बाळ जास्त चावतं, हे खरं. पण चावायची इच्छा दातांनी निर्माण केलेली नाही. ती आधीपासूनच होती.

भुकेचं उत्तर वजनाच्या आलेखात असतं, रिमोटमध्ये नाही. वजन ठीक वाढत असेल, दिवसातून सहा-सात लंगोट ओले होत असतील, तर काकूंना चहा द्या आणि विषय बदला. कॅल्शियमचा तर काहीच संबंध नाही. जंतांकडे पुढे येते, कारण तिथे गाडी उलट दिशेने धावते: जंत झाल्यामुळे बाळ तोंडात घालत नाही, घाण तोंडात गेल्यामुळे जंत होऊ शकतात.

मग खरं कारण काय? थोडं मागे जावं लागेल, बारशाच्याही मागे.

गर्भाच्या शरीरात स्पर्श कळू लागतो तो सगळ्यात आधी ओठांभोवती. गर्भधारणेच्या आठव्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे पुष्कळ आयांना आपण गरोदर आहोत हे नुकतंच कळलेलं असतं तेव्हा, तोंडाभोवतीच्या स्पर्शाला गर्भ प्रतिसाद देतो. तळहात त्यानंतर. पंधराव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत गर्भ अंगठा चोखताना दिसतो. जन्माला येईपर्यंत या बाळाने आपला हात तोंडाने अनेक महिने ओळखलेला असतो. नवजात बाळाचं निरीक्षण करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट टिपली आहे: हात तोंडाकडे निघतो, आणि कित्येकदा तो पोहोचायच्या आधीच तोंड उघडलेलं असतं. पाहुणा येणार हे घरच्यांना आधीच ठाऊक असावं तसं.

हात आणि तोंड यांची तार जन्मतःच जोडलेली असते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाचे दोन्ही तळहात आपल्या अंगठ्यांनी हलके दाबले की ते तोंड उघडतं. वैद्यकात त्याला बाबकिन प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. तुमची मुलगी आता सात महिन्यांची आहे, तिच्यावर हा प्रयोग चालणार नाही, ती क्रिया चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत मावळते. नणंदेला नुकतं बाळ झालं असेल तर तिथे बघा.

आता त्या नवजात बाळाच्या जागी बसून विचार करा. डोळ्यांना एक वीत, फार तर दीड वीत अंतरावरचं बरं दिसतं, त्यापलीकडे सगळं धूसर. मूठ मिटलेली, बोटं एकेकटी हलत नाहीत. भाकरीचं पीठ मळताना आपण बोटांनी जे ओळखतो, म्हणजे किती घट्ट, किती ओलं, खडा आहे का, ते या मुठीला कळणारच नाही. मग जगातली वस्तू ओळखायला बाळाकडे चांगलं अवजार कुठलं उरलं? ओठ आणि जीभ. मोठ्या माणसातसुद्धा जिभेचं टोक बोटाच्या टोकापेक्षा बारीक भेद ओळखतं. दातात अडकलेला शेंगदाण्याचा कण जिभेला केवढा मोठा वाटतो, आठवा. माँट्रियलचे मेंदू शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी 1937 साली मेंदूत कुठल्या अवयवाच्या स्पर्शाला किती जागा आहे याचा नकाशा मांडला, त्यात ओठ-जीभ आणि हात यांनी प्रचंड जागा व्यापली आहे, आणि सबंध पाठीला जेमतेम एक पट्टी. बाळाचा हात अजून शिकाऊ आहे. तोंड मात्र कामावर रुजू झालेलं आहे.

या तोंडाला नुसतं "मऊ" किंवा "कडक" एवढंच कळतं असं नाही. 1979 साली मेल्टझॉफ आणि बोर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनी सरासरी 29 दिवसांच्या बाळांना न दाखवता एक चोखणी तोंडात दिली. काहींना गुळगुळीत, काहींना गाठींची. मग दोन्ही आकार डोळ्यांसमोर धरले. जी चोखली होती तिच्याकडेच बाळं जास्त वेळ पाहत राहिली, म्हणजे जिभेने घेतलेली ओळख डोळ्यांपर्यंत पोहोचली. हा निकाल पुढे 1999 मध्ये दुसऱ्या एका गटाला तसाच मिळाला नाही, त्यामुळे महिन्याच्या बाळाबद्दल मी छातीठोकपणे बोलणार नाही. पण सहा-सात महिन्यांच्या बाळाबद्दल शंका नको, त्याचा पुरावा तुमच्या घरातच आहे.

उद्या तिला एक नवी, स्वच्छ वस्तू द्या, समजा स्टीलची छोटी वाटी, आणि पाच मिनिटं काहीही न बोलता बघा. वाटी तोंडात जाईल. मग बाहेर येईल आणि ती तिच्याकडे टक लावून बघेल. मग मनगट वळेल, वाटी उलटी होईल, आता काठ तोंडात. पुन्हा बाहेर, पुन्हा बघणं. कधी जमिनीवर आपटून आवाज ऐकेल. खाणं असं नसतं. खाताना मूल घास बाहेर काढून त्याचं निरीक्षण करत नाही. ती जिभेने आलेली बातमी डोळ्यांनी ताडून पाहते आहे. नव्या वस्तूवर हा खेळ लांबतो आणि जुनीवर आटोपतो, तेही तुमच्या लक्षात येईल. वर्षाच्या सुमाराला बोटं मोकळी झाली, अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमली, की हे काम हात स्वतःकडे घेतात आणि तोंडात घालणं आपोआप ओसरतं. दीड-दोन वर्षांपर्यंत बरंचसं थांबलेलं असतं. कुणी रागावलं म्हणून ते थांबत नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा पुरावा मात्र भाषेचा आहे, आणि तो आपल्या भाषांशी जोडलेला आहे. कॅनडात व्हँकुव्हरला 2015 साली एक प्रयोग झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा महिन्यांची बाळं घेतली आणि त्यांना हिंदीतले "द" आणि "ड" ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही, तरी त्या वयाच्या बाळांना तो ऐकू येतो. मग तोंडात चावायचं एक चपटं खेळणं असं धरलं की जिभेचं टोक हलवता येऊ नये. बाळांना "द" आणि "ड" वेगळे कळेनात. दुसऱ्या आकाराचं, जीभ मोकळी ठेवणारं खेळणं दिलं तर पुन्हा कळायला लागले. ऐकायचं कानांनी, आणि अडलं कुठे तर जिभेत. "दाणा" आणि "डाव" यांतला फरक आपल्याकडची मुलं कानाने शिकतात असं आपण समजतो, पण जीभही त्या शिकवणीला बसलेली असते. याच्या आधी, 2007 च्या एका अभ्यासात दिसलं होतं की सहा ते नऊ महिन्यांची बाळं वस्तू तोंडात असताना जे आवाज काढतात त्यांत व्यंजनांची विविधता जास्त असते. रिमोट चघळत ती "ब्ब्ब, ग्घ, म्म्म" करते ना, तेच.

यावरून कुणी "बोलणं लवकर यावं म्हणून चघळायला द्या" असा सल्ला काढू नये. एवढा सरळ हिशेब नसतो. पण तोंडाची ही शाळा बुडाली तर काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा आला. 29 आठवड्यांचा जन्म, वजन 1100 ग्रॅम. शहरातल्या एका नवजात अतिदक्षता विभागात चाळीसहून अधिक दिवस तोंडातून नळी. जीव वाचवणारी नळी, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या चाळीस दिवसांत त्याच्या तोंडाशी जे जे आलं ते दुखवणारं होतं: नळी, ती जागेवर धरणारी चिकटपट्टी, कफ ओढायचं यंत्र. नवव्या महिन्यात चमचा नुसता दिसला तरी त्याला उमासे येत. घरचे म्हणत, "हट्टी आहे, खातच नाही." मी विचारलं, खेळणी तोंडात घालतो का? आई म्हणाली, "नाही हो, फार शहाणा आहे, कधीच घालत नाही." ते शहाणपण नव्हतं. तोंड ही त्याच्यासाठी भीतीची जागा झाली होती.

उपचार खाण्यापासून सुरू झालाच नाही. थेरपिस्टताईंनी आधी त्याचाच हात त्याच्या गालावर नेला, मग ओठांवर. मग मऊ फडक्याची गाठ, मग रबरी खेळणं, मग कोरडा चमचा, तोही त्याच्याच हातात. चार महिने गेले. एका दुपारी आईचा फोन आला की त्याने स्वयंपाकघरातला पळीचा दांडा चघळला. त्या घरी आनंद झाला तो पळीचा. वरण-भात त्याच्या मागोमाग आला. घशात वस्तू गेल्यावर उमासा कुठे यावा, जीभ बाजूला कशी न्यावी, तोंडात दाटसर काही आलं तर त्याचं काय करायचं, हे सगळं बाळं घन आहार सुरू होण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत खेळण्यांवर शिकतात. उष्टावणाच्या दिवशी चांदीच्या वाटीतली खीर तोंडात जाते, पण तिची तालीम कधीच झालेली असते.

म्हणूनच हातमोज्यांवर माझा राग आहे. नखं लागतात म्हणून चार-चार महिने बाळाच्या हातांवर कापडी पिशव्या बांधून ठेवतात. पहिले काही दिवस थंडीत ठीक. नंतर बाळ झोपलं की नखं कापा आणि हात मोकळे सोडा. त्या मोज्यांतला सुटा दोरा बोटाला गुंडाळून बोट काळंनिळं झालेलं बाळही मी पाहिलंय.

एवढं सांगितल्यावर आता धोक्याकडे येते, कारण "घालू द्या" हे माझं वाक्य अर्धंच ऐकून जाणारे पालक मला भेटलेत. मूल बदलता येत नाही. जमीन बदलता येते. ती रांगायला लागायच्या आत तुम्ही स्वतः एकदा फरशीवर पोटावर झोपून घर बघा. दिवाणाखालचं बटण, फ्रिजचं चुंबक, आजोबांच्या अडकित्त्याजवळ सांडलेलं सुपारीचं खांड, देवघरातल्या अक्षता-मणी, सीताफळाच्या दिवसांत बिया, चिंचोके.

आकाराचं माप असं: तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासायला जे नळकांडं वापरतात त्याचा व्यास 31.7 मिलिमीटर असतो. त्यात जे पूर्ण मावतं ते घशासाठी धोक्याचं. आपली 10 आणि 20 रुपयांची नाणी 27 मिलिमीटरची आहेत, म्हणजे आपलं चलनात असलेलं एकही नाणं या परीक्षेत पास होत नाही. रिमोटचं मागचं झाकण चिकटपट्टीने बंद करा. त्यापेक्षाही वाईट म्हणजे बटणासारखी चपटी बॅटरी, खेळण्यातली, वजनकाट्यातली, गाणाऱ्या ग्रीटिंग कार्डातली. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत जखम करते. गिळल्याची नुसती शंका आली तरी केळी चारून शौचाची वाट बघत बसू नका, एक्स-रे असलेल्या रुग्णालयात निघा.

आणि शेंगदाणा. आपल्याकडे मुलांच्या श्वासनळीतून जे काढावं लागतं त्यात शेंगदाणा पहिल्या ओळीत आहे. माझी स्वतःची एक चूक सांगते. दहा महिन्यांचं बाळ, तीन आठवडे खोकला. मी दोनदा वाफेचं औषध दिलं, बरं वाटल्यासारखं झालं, पुन्हा खोकला. तिसऱ्या वेळी छाती नीट ऐकली तेव्हा उजव्या बाजूला हवा कमी येत होती. दुर्बिणीतून निघाला अर्धा दाणा. तीन आठवड्यांपूर्वी घरात बोरन्हाण झालं होतं, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. संक्रांतीनंतरच्या त्या कौतुकाच्या समारंभात आपण काय करतो? जे मूल सगळं तोंडात घालतं, नेमकं त्याच्याच डोक्यावरून बोरं, हरभरे, भुईमुगाच्या शेंगा, उसाचे करवे, हलवा ओततो, आणि आजूबाजूची चार वर्षांची मुलं ते वेचायला तुटून पडतात. बोरन्हाण करा, फोटो काढा, पण चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्यांवर भागवा. चुरमुरेही नंतर झाडून घ्या.

घशात अडकलंच तर: बाळ जोरात खोकत असेल, रडत असेल, तर खोकू द्या, त्याच्यापेक्षा चांगलं यंत्र तुमच्याकडे नाही. आवाज बंद झाला, ओठ निळसर झाले, तर बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, आणि दोन्ही खवाट्यांच्या, म्हणजे खांद्यांमागच्या चपट्या हाडांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने 5 वेळा थोपटा, जोरात. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर 5 वेळा दाब. निघेपर्यंत आलटून पालटून, आणि दुसऱ्याने तोवर 108 ला फोन लावायचा. बाळ निपचित पडलं तर छातीचे दाब आणि तोंडाने श्वास देणं सुरू करायचं, ते आधी कुणाकडून तरी शिकून ठेवा. वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही. दिसत नसताना घशात बोट घालायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. यशोदेनेसुद्धा आधी तोंड उघडायला लावून पाहिलं होतं.

घाणीचं काय? इथे मी मधल्या मार्गावर आहे. घरातली धूळ, आईची ओढणी, आजीचं नाक, हे चालतं. उकळून उकळून जगाचं ऑपरेशन थिएटर करायची गरज नाही. पण "थोडी माती खाल्ली की प्रतिकारशक्ती वाढते" हे वाक्य गोठा आणि कोंबड्या असलेल्या अंगणात लागू पडत नाही. कोंबडीची विष्ठा आणि उघड्यावरची घाण मिसळलेली माती तोंडात गेली की वरवर जुलाब न होताही आतड्याला सूज राहते आणि वाढ खुंटू शकते. जंतही याच वाटेने येतात. तेव्हा अंगणात चटई, तिच्यावर मूल, आणि मुलीचे हात साबणाने धुवायचे. चप्पल वर ठेवा, बाकी मी काही बोलत नाही.

विकतच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बघा. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे ते सक्तीचं आहे. जत्रेतल्या चकचकीत रंगाच्या स्वस्त खुळखुळ्यावर ते नसतं. जुन्या घराच्या भिंतीचे पोपडे तिच्या पोहोचीत नकोत: जुन्या रंगात शिसं असतं, आणि लहान मुलाचं आतडं मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतं. काही काजळांतही शिसं सापडलेलं आहे, आणि डोळ्यातलं काजळ तिच्या मुठीवाटे तोंडातच जातं.

द्यायचं काय? स्टीलची वाटी, चपटा चमचा, बिनरंगाची लाकडी पळी, धुतलेल्या सुती फडक्याला मारलेली गाठ. ती बसलेली असताना, तुम्ही समोर असताना. मे महिन्यात हापूसची मोठी बाठ. रायवळची छोटी बाठ नको, ती सटकते. खारकेचा तुकडा, गाजराचा तुकडा, दोन्ही नकोत, जरी आजेसासूबाईंनी सगळ्यांना दिले असले तरी.

माझ्याकडे यायचं कधी? सहा महिने उलटूनही बाळ काहीच तोंडाशी नेत नसेल, किंवा एकच हात नेहमी नेतो आणि दुसरा मिटलेलाच राहतो असं दिसलं तर लवकर या. दुसऱ्या टोकाला, दोन वर्षं उलटल्यावरही मूल माती, खडू, भिंतीचा चुना नुसतं चाटत न थांबता गिळून खात असेल, तर ते शोधणं राहिलेलं नाही. तिथे मी आधी रक्त तपासते. 2019 ते 2021 मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची 68.9 टक्के मुलं रक्तक्षयी निघाली होती, आणि लोह कमी असलेली मुलं माती खातात. आशाताई सहाव्या महिन्यानंतर आठवड्यातून दोनदा देण्यासाठी लोहाचं सिरप देतात. शौचाला काळं होतं म्हणून ते कपाटात ठेवून देऊ नका. तुमच्या मुलीचंही आता ते वय झालंय.

राहिली रात्रीची मूठ. ती स्वतःला झोपवते आहे, तुम्ही अंगाई म्हणता तसंच. बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान हे आपणहून सोडतात. चार वर्षांनंतरही अंगठा सुटला नाही तर दातांची ठेवण बघायला दंतवैद्याला दाखवू. तोवर कडुलिंबाचा रस नको, एरंडेल नको. मिरची तर अजिबात नको, तोच अंगठा ती डोळ्यात घालते.